स्मार्टफोनचे दुक्ख : पहिला बाण आणि दुसरा बाण

भिक्खूच्या जीवनास आवश्यक असे चार प्रत्यय पालि वाङ्मयात सांगितलेले आहेत : चीवर, पिण्डपात, सेनासन आणि गिलानपच्चयभेसज्ज. गृहस्थाच्या गरजा यांहून अधिक असतात हे उघड आहे. तरीही वस्त्र, अन्न, निवारा व औषध या चौकटीत माणसाच्या मूलभूत गरजा बसतात, असे मानण्यास आजवर फारशी अडचण नव्हती. आता मात्र या चौघांच्या रांगेत पाचवी एक वस्तू येऊन उभी राहिली आहे. ती वस्तू म्हणजे स्मार्टफोन.

भारतातील पहिला मोबाईल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू हे कोलकात्याहून दिल्लीतील केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी आलेला फोन घेण्यासही पैसे पडत आणि हे यंत्र धनिकांच्याच हाती दिसे. पुढे २००७-०८ च्या सुमारास पडद्यावर बोट फिरवून चालणारे फोन जगभर आले. सप्टेंबर २०१६ नंतर भारतात इंटरनेटचा डाटा स्वस्त झाला आणि स्मार्टफोन खेड्यापाड्यांत पोहोचला. चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरील अमडापूर हे बुलढाणा जिल्ह्यातील गाव घ्या. येथील शेतकऱ्यास सोयाबीनचा आणि कपाशीचा भाव फोनवर कळतो. शिधापत्रिकेची ई-केवायसी, पीकविम्याचा अर्ज, बँकेचा संदेश, मुलाच्या शिष्यवृत्तीचा ओटीपी हे सर्व त्याच एका यंत्राच्या वाटेने येते. ही वस्तू जवळ नसलेला माणूस आज अनेक हक्कांपासून दूर राहतो.

जी वस्तू प्रत्यय बनते, तिचे दोषही जीवनाचे दोष बनतात. बॅटरी उतरते, रेंज जाते, जागा संपते, रिचार्ज संपतो, नको ते फोन येतात आणि हवा तो ओटीपी येत नाही. या त्रासांविषयी उपासक-उपासिकांशी बोलताना दोन प्रकारची उत्तरे आमच्या कानी पडतात. काहीजण म्हणतात की फोन हीच मुळी आसक्ती, ती टाकून द्यावी. दुसरे म्हणतात की दुक्ख मनातच असते, मन शांत ठेवले की त्रास उरत नाही. ही दोन्ही उत्तरे धम्माच्या नावाने दिली जातात आणि आमच्या मते दोन्ही अपुरी आहेत. प्रस्तुत लेखात पालि सुत्तांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

सल्लसुत्त आणि सीवकसुत्त

संयुत्तनिकायातील वेदनासंयुत्तात सल्लसुत्त नावाचे एक सुत्त आहे. त्यातील दृष्टान्त पुष्कळांस ठाऊक असेल. एखाद्या माणसास बाण लागतो आणि पाठोपाठ दुसरा बाण लागतो. अशिक्षित मनाच्या माणसास शारीरिक वेदना होते, हा पहिला बाण. त्या वेदनेवर तो शोक करतो, चिडतो, तळमळतो, हा दुसरा बाण. सुशिक्षित श्रावकास मात्र एकच बाण लागतो. दुसऱ्या बाणापासून तो मुक्त असतो.

या सुत्तातून एक गैरसमज सहज निर्माण होऊ शकतो. दुसरा बाण टाळता येतो एवढेच ध्यानात ठेवून पहिल्या बाणाविषयी मौन पाळले जाते. म्हणून त्याच संयुत्तातील सीवकसुत्त शेजारी ठेवून वाचणे अगत्याचे आहे. राजगृहातील वेळुवनात मोळियसीवक नावाचा परिव्राजक भगवान बुद्धांना विचारतो की, माणसास जे काही सुख वा दुक्ख होते ते सारे पूर्वकृतामुळेच होते, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्यावर आपले मत काय? भगवान हे मत नाकारतात. काही वेदना पित्तामुळे उत्पन्न होतात, काही कफामुळे, काही वातामुळे, काही तिन्हींच्या सन्निपातामुळे. काही ऋतूच्या बदलाने उत्पन्न होतात, काही विषम वागण्याने, काही बाहेरून झालेल्या आघाताने. कम्मविपाक हे या यादीतील आठवे कारण आहे, एकमेव नव्हे.

पालि भाषेत यांतील तीन कारणांना उतुपरिणाम, विसमपरिहार आणि ओपक्कमिक असे शब्द आहेत. ही कारणे शारीरिक वेदनांच्या संदर्भात सांगितलेली आहेत. परंतु दुक्खाचे कारण कोठे आहे ते आधी शोधा, ही त्यामागील विचारपद्धती व्यापक आहे. स्मार्टफोनचे त्रासही या तीन वर्गांत लावून पाहता येतात. तसे केल्यास कोणता त्रास सोसावयाचा, कोणता सुधारावयाचा आणि कोणत्या त्रासाचा जाब विचारावयाचा, हे स्पष्ट होते.

उतुपरिणाम : बॅटरी आणि रेंज

फोनमधील लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये प्रथम बाजारात आली. तिच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बॅटरी भरताना लिथियमचे कण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातात आणि वापरताना परत येतात. प्रत्येक फेरीत थोडे लिथियम एका सूक्ष्म थरात अडकून राहते व पुन्हा कामास येत नाही. त्यामुळे सुमारे ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर अनेक फोनांची क्षमता मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते. पदार्थाचा हा धर्मच आहे. 'सब्बे संखारा' अनिच्च आहेत असे आपण म्हणतो, त्यात बॅटरीही आली.

ही झीज उष्णतेने वेगाने होते. अनेक उत्पादक आपला फोन ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरावा असे सांगतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. टिनपत्र्याच्या घरात त्याहूनही अधिक तापते. शिवाय धातूचा पत्रा रेडिओ लहरी परतवून लावतो. त्यामुळे अशा घरात रेंज क्षीण मिळते. रेंज क्षीण झाली की मनोऱ्याशी संपर्क टिकविण्यासाठी फोन अधिक शक्ती खर्च करतो. अधिक शक्ती खर्च झाली की तो तापतो, आणि तापला की बॅटरी उतरते व झिजतेही. हे असले की ते होते, हे नसले की ते होत नाही, या इदप्पच्चयतेचे याहून रोजच्या पाहण्यातील उदाहरण क्वचितच मिळेल.

येथेच आणखी एक गोष्ट दिसून येते. स्लॅबच्या घरात राहणाऱ्याचा आणि पत्र्याच्या घरात राहणाऱ्याचा फोन एकाच बनावटीचा असला तरी दुसऱ्याचा फोन लवकर निकामी होतो. ऋतू सर्वांस सारखा असतो, परंतु ऋतूचा मारा सर्वांवर सारखा पडत नाही. पहिला बाण कोणाच्या छपरावर अधिक वेळा पडतो, हे पाहिल्यावाचून दुक्खाचे विवेचन पूर्ण होत नाही.

उपाय साधे आहेत. फोन उन्हात, चुलीजवळ किंवा उशीखाली ठेवून चार्जिंगला लावू नये. दुपारऐवजी पहाटेच्या गारव्यात तो भरावा. शक्यतो २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा. रेंज मुळीच नसेल तेथे विमान-चिन्हाचे बटण दाबून शोध थांबवावा. बॅटरी बदलता येत असेल तर संपूर्ण फोन बदलू नये.

विसमपरिहार : आपल्या हातून ओढवलेला त्रास

काही त्रासांचे कारण आपल्या वापरात असते. 'जागा संपली' ही सूचना अनेकांच्या फोनवर रोज झळकते. स्वस्त फोनात साठवणुकीची जागा आधीच कमी, त्यातील मोठा भाग फोनच्या स्वतःच्या प्रणालीने व्यापलेला. उरलेल्या जागेत सुप्रभाताची चित्रे, जयंतीचे तेच ते व्हिडिओ आणि एकाच छायाचित्राच्या दहा प्रती येऊन बसतात. पुष्कळ गटांत आलेली प्रत्येक चित्रफीत फोनमध्ये आपोआप साठविली जाते. ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते. आठवड्यातून एकदा साफसफाई केली तर फोनचा वेगही सुधारतो.

पासवर्ड विसरणे, एकच पिन सर्वत्र वापरणे, मोबाईल क्रमांक बदलल्यावर बँकेत व आधार केंद्रात न कळविणे, हेही या वर्गातील दोष होत. क्रमांक बदलला आणि नोंद जुनीच राहिली की पुढचा प्रत्येक ओटीपी परक्या हाती जातो किंवा कोठेच पोहोचत नाही.

मज्झिमनिकायातील सब्बासवसुत्तात भिक्खूने चारही प्रत्यय विचारपूर्वक वापरावेत असे सांगितले आहे. चीवर हे थंडी-ऊन, डास-माशा यांपासून रक्षणासाठी व लज्जारक्षणासाठी आहे, अन्न हे देह टिकावा म्हणून आहे, मौजेसाठी नाही. या चिंतनास पच्चवेक्खण म्हणतात. पाचव्या प्रत्ययालाही ते लागू करता येते. हे यंत्र मी कशासाठी हाती घेतले आहे? निरोपासाठी, अभ्यासासाठी, व्यवहारासाठी, की केवळ हात रिकामा आहे म्हणून? प्रश्न एकच आहे, परंतु तो विचारण्याची सवय लागली की विषम वापर बराच कमी होतो.

ओपक्कमिक : दुसऱ्याच्या हातचा बाण

आता तिसरा वर्ग. येथे त्रासाचे कारण हवेतही नसते आणि आपल्या सवयीतही नसते. ते कोणीतरी केलेल्या व्यवस्थेत असते.

रिचार्जचे उदाहरण घेऊ. अनेक योजनांची मुदत २८ दिवसांची असते. वर्षाचे ३६५ दिवस २८ ने भागल्यास १३ येतात. म्हणजे महिने बारा आणि रिचार्ज तेरा. ग्राहकांच्या तक्रारींनंतर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीने ३० दिवस मुदतीची योजनाही ठेवावी असा आदेश काढला. डिसेंबर २०२४ मध्ये, ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी केवळ बोलणे व संदेश यांची वेगळी योजना द्यावी असाही नियम झाला. ज्या वृद्ध उपासिकेस फक्त पुण्यातील मुलाशी बोलावयाचे आहे, तिने डाटाचे पैसे का भरावेत? हा प्रश्न विचारला गेला म्हणून नियम बदलला. तो मनातल्या मनात गिळला असता तर बदलला नसता.

जुना फोन मंद होतो, हीही सार्वत्रिक तक्रार आहे. झिजलेल्या बॅटरीमुळे फोन अचानक बंद पडू नये म्हणून आपण जुन्या आयफोनचा वेग कमी करीत होतो, असे ॲपल कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. ग्राहकांस ही गोष्ट पुरेशी सांगितली नाही म्हणून फ्रान्समध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये तिला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. ग्राहकास स्वतः बदलता येईल अशी बॅटरी फोनमध्ये असावी, असा कायदा युरोपीय संघाने २०२३ मध्ये केला असून त्या तरतुदीच्या अंमलासाठी फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरविली आहे. 'माझ्याच नशिबी खराब फोन आला' असे म्हणत बसलेल्या माणसाने हे लक्षात घ्यावे.

त्याहून गंभीर प्रश्न हक्कांचा आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावा लागतो. २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र फोनवर घ्यावयाचे असते. राबणाऱ्या हातांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ते ओळखत नाही. मग ओटीपीचा मार्ग उरतो आणि त्यास फोन हवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरण्याचा मोबाईल आढळला. घरात एकच फोन, तो नवऱ्याच्या खिशात, नवरा कामावर, आणि ओटीपीची मुदत काही मिनिटांची. अशा वेळी ती विद्यार्थिनी वा ती माता कोणत्या पूर्वकर्माचे फळ भोगत असते?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हाच मुद्दा मांडला आहे. गरिबाची अवस्था पूर्वजन्मीच्या कर्मावर लोटली की राज्यसंस्था व समाज आपल्या जबाबदारीतून मोकळे होतात, हे त्यांनी दाखवून दिले. ग्रंथाच्या प्रास्ताविकात चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीविषयी त्यांनी जी शंका उपस्थित केली, तिचे मूळही येथेच आहे. जन्म, जीवन, मरण सर्वच दुक्ख असे म्हणून थांबले तर माणसाच्या हाती निराशेखेरीज काही उरत नाही. बाबासाहेबांना धम्म जगाच्या पुनर्रचनेसाठी हवा होता.

ही पुनर्रचना न्यायालयातही घडू शकते. बँकेच्या ई-केवायसीत डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, असे यंत्र सांगते. ॲसिड हल्ल्यात डोळे गमावलेल्या स्त्रीने ते कसे करावे? अशा पीडितांच्या व दृष्टिहीनांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. हा निर्णय प्रत्येक विहाराच्या फलकावर लिहून ठेवण्यासारखा आहे.

याच वर्गात एक लहानसा त्रास आम्हा पालिच्या अभ्यासकांच्या वाट्याला येतो. फोनवर 'धम्म' लिहावे तर कळफलक 'धर्म' सुचवितो, 'भिक्खू' लिहावे तर 'भिक्षू' करतो. हे शब्दसूचक यंत्र पूर्वी लिहिल्या गेलेल्या मजकुराच्या मोठ्या साठ्यावर शिकते आणि जो शब्द अधिक वेळा आढळतो तो पुढे करते. त्यामागे कोणाचा हेतू असेलच असे नाही. तथापि ज्यांचे शब्द संख्येने अधिक, त्यांचे शब्द टिकतात आणि इतरांचे पुसले जातात, असा त्याचा परिणाम होतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीसोबत पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. तो दर्जा कळफलकापर्यंत पोहोचावयाचा असेल तर आपण आपले शब्द आग्रहाने, वारंवार आणि शुद्ध लिहिले पाहिजेत. तूर्त फोनच्या वैयक्तिक शब्दकोशात ते स्वतः नोंदवून ठेवावेत.

दुसरा बाण

येथवर पहिल्या बाणाचा विचार झाला. दुसरा बाण कसा लागतो ते आता पाहू. सळायतन, फस्स, वेदना, तण्हा, उपादान ही पटिच्चसमुप्पादाची मधली साखळी फोनच्या एका घंटीत दिसते. कानावर आवाज आदळला, हा फस्स. काहीतरी आले असेल या कल्पनेने किंचित सुखद वाटले, ही वेदना. ते पाहावे अशी ओढ लागली, ही तण्हा. हात फोनकडे गेला आणि अर्धा तास तेथेच राहिला, हे उपादान. पाहिले तर जाहिरात होती. मग चीड आली, आणि थोड्या वेळाने पुन्हा तोच हात त्याच दिशेने गेला.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, कळ दाबल्यावर दाणा प्रत्येक वेळी मिळण्याऐवजी अनियमितपणे मिळाला तर कबूतर अधिक चिकाटीने कळ दाबीत राहते. फर्स्टर व स्किनर यांचा या विषयावरील ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. पडदा खाली ओढून 'नवीन काही आले का' हे पाहण्याची रीत याच तत्त्वावर चालते. कधी मिळते, बहुधा मिळत नाही, म्हणूनच पाहणे सुटत नाही. पान कधीही न संपणारी रचना अझा रास्किन यांनी २००६ मध्ये तयार केली. पुढे त्यांनी स्वतःच तिच्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. म्हणजे दुसऱ्या बाणालाही धार लावणारे बाहेर आहेत. फरक एवढाच की तो बाण सोडणारा हात आपला असतो.

वेदना आणि तण्हा यांच्यामध्ये एक फट आहे. सतीचा प्रवेश तेथेच होतो. घंटी वाजली की दोन श्वास घ्यावेत आणि 'हा आवाज आहे, ही ओढ आहे' एवढेच ओळखावे. निकडीचे फोन सोडून बाकीच्या सूचना बंद ठेवाव्यात. वंदनेच्या, भोजनाच्या आणि मुलांच्या अभ्यासाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत असावा. रेंज गेली असता तीच कळ वीस वेळा दाबल्याने रेंज येत नाही, मन मात्र वीस वेळा जखमी होते.

सब्बासवसुत्तात आसव दूर करण्याचे सात मार्ग सांगितलेले आहेत : दर्शन, संवर, विचारपूर्वक सेवन, सहन, वर्जन, विनोदन म्हणजे दूर सारणे, आणि भावना. सहन करणे हा या सातांपैकी एक मार्ग आहे. ऊन आणि क्षीण रेंज काही काळ सहन करावी. अन्यायाची व्यवस्था सहन करावी असे या यादीवरून ठरत नाही.

इतिकिरा

फोनचा सर्वांत घातक त्रास मात्र बॅटरीचा नाही, निरोपांचा आहे. अंगुत्तरनिकायातील केसमुत्तिसुत्तात भगवान बुद्धांनी कालामांना दहा आधारांविषयी सावध केले. केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट मान्य करू नये. त्या यादीत 'इतिकिरा' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ 'असे म्हणतात' एवढाच. आज ज्यास आपण फॉरवर्ड म्हणतो, त्याला पालित याहून नेमका शब्द सापडणार नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे जमावाने पाच जणांची हत्या केली. ते सोलापूर जिल्ह्यातून आलेले नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील, भिक्षा मागून जगणारे लोक होते. मुले पळविणारी टोळी आली आहे अशी अफवा त्या दिवसांत फोनवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठविता येणार नाही अशी मर्यादा घातली. मर्यादा आली, पण पाच माणसे परत आली नाहीत. मुसावादापासून विरत राहण्याचे शील आपण दररोज घेतो. अंगठ्याने पाठविलेल्या असत्यालाही ते लागू आहे.

आपल्या गटांत बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या नावे फिरणारी वाक्येही याच कसोटीवर पाहावीत. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन व भाषणे खंडरूपाने प्रसिद्ध केली असून ती फोनवर वाचावयास मिळतात. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९९० च्या दशकात छट्ठ संगायनाचे पाठ संगणकावर आणले आणि आज तेही हातातल्या फोनवर देवनागरीत उघडतात. तपासण्याचे साधन आणि अफवा पसरविण्याचे साधन एकच आहे. कोणते वापरावयाचे ते आपण ठरवावे.

आनंदाची चीवरे

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसम्बीचा राजा उदेन याच्या राण्यांनी आयुष्मान आनंद यांना पाचशे वस्त्रे दिली. राजाने विचारले, एवढ्या वस्त्रांचे काय करणार? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्खूंना वाटणार. मग त्यांच्या जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे होतील. जुन्या पांघरुणांच्या गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरील अंथरुणे, त्यांची पायपुसणी, त्यांची धूळ झटकण्याची फडकी, आणि शेवटी फडक्यांचे तुकडे चिखलात कालवून जमीन सारवली जाईल. राजा संतुष्ट झाला.

नवीन फोन घेतला की जुना कपाटात पडतो, ही आपली आजची रीत या प्रसंगाशी ताडून पाहावी. जगातील कोबाल्टचा बहुतांश भाग काँगोच्या खाणींतून येतो आणि तेथे लहान मुलेही राबल्याच्या नोंदी आहेत. बॅटरी बदललेला, माहिती पुसून स्वच्छ केलेला जुना फोन एखाद्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने शिष्यवृत्तीचा मार्ग ठरू शकतो.

विहारात काय करता येईल

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केला, कारण बहिष्कृतांचे म्हणणे छापण्यास दुसरे साधन नव्हते. आज प्रत्येकाच्या हाती लिहिण्याचे, बोलण्याचे आणि दाखविण्याचे साधन आहे. ज्या समाजाने एका पत्रासाठी एवढे कष्ट सोसले, त्याने हे साधन त्याज्य ठरवू नये. ते दुरुस्त ठेवावे आणि स्वतःच्या ताब्यात ठेवावे.

यासाठी अमडापूरसारख्या गावातील विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक तास राखून ठेवता येईल. गावातील शिकलेली मुले-मुली त्या वेळी वडीलधाऱ्यांचे फोन पाहतील, साठलेली चित्रे काढतील, नको असलेले फोन थांबविण्यासाठी १९०९ वर नोंद करून देतील. आपल्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथीवर तपासतील. फसवणूक झाल्यास १९३० वर ताबडतोब कळवावे हे सांगतील. शिष्यवृत्तीच्या हंगामात ज्याच्याकडे फोन नाही त्याचा अर्ज तेथे भरला जाईल. आणि ज्या अडचणी विहारात सुटत नाहीत, त्यांची एक वही ठेवावी : कोणाचा ठसा उमटला नाही, कोणाचा ओटीपी आला नाही, कोणाचे धान्य अडले, किती दिवस अडले. अशा पाच-पन्नास नोंदी झाल्या की त्या सह्यांनिशी तहसीलदारांकडे न्याव्यात.

वंदनेने आणि सतीने दुसरा बाण आवरता येतो. पहिल्या बाणासाठी ही वही लागेल.